गोणीत काय हाय, ते इचारू नये

काय सांगू तुमाले, माही सोताची अक्कल म्हनान तं थोडीच हाय, जे काय हाय ते माह्या आज्याचं. माहं नाव लालसिंग, आमचा तांडा दिग्रसपासून जवळच, तुमी आले त्या यष्टीतून उतरलं का पायी याचं. आमी बंजारे, आमच्या बोलीत गोर म्हंते. आता तांड्यात पक्के घरं हाय, वावरं हाय, पोट्ट्याईच्या हातात मोबाईल हाय, पण आज्याच्या आज्यापर्यंत सारा तांडा चालता होता, बैलाच्या पाठीवर गोण्या टाकायच्या, गोण्याईत कोणाचं मीठ, कोणाचं धान्य, इकडचा माल तिकडं न्यायचा अन् तिकडचा इकडं आणायचा, याले लदेणी म्हंत. मंग आगगाडी आली, मोटार आली, बैल बसले, तांडे बसले. आजा म्हने आपन थांबलो नाही, आपल्याले थांबवलं. अशा घरात मी निपजलो, मंग दुसरं काय होणार, डायवर झालो, बैलाच्या जागी ट्रक आला एवढंच.

आजा दोन गोष्टी सांगे, त्या अगोदर आयका, नाही तं पुढचं समजणार नाही. पहिली गोष्ट, गोणीत काय हाय ते इचारू नये. इचारलं का मन गोणीत शिरते, अन् मन शिरलं का त्याच्या मागून हात शिरते. मालधन्यानं तोंड शिवून देलं, आपन पाठीवर टाकलं, तठी नेऊन उतरवलं, बस. या इमानावर म्हने राजे लोक आपल्याले माल देत. राजे देत होते का नाही मले माहीत नाही, आजा तंबाखू मळून बोलाले लागला का त्याच्या बोलण्यात थोडं पाणी टाकूनच प्याव लागे. दुसरी गोष्ट बैलाची. लदेणीची ओळ लांब राहे, पुढं घंटेवाला ताकदीचा बैल, मागं म्हातारे, लंगडे, नवशिके. मी लहानपनी इचारलं, मंग मागचा तं मागंच राहात असन? आजा म्हने नाही रे, पाण्यापाशी पुढचा थांबते, मागचा येऊन पोचते, सारे एकाच घाटावर पाणी पेते. हा बैल ध्यानात ठेवा, माही सारी फजिती यानंच केली.

तं मी काय म्हनत होतो, ट्रक. दिग्रसच्या जिनिंगमधून कापसाच्या गठानी भरायच्या अन् पश्चिमेकडं नेऊन टाकायच्या, उमर गेली याच्यात. जाताना गाडी अशी भरलेली का चढावर रडे, अन् येताना कधी शर्टाचे खोके, कधी चादरी, कधी बिस्किटं, अन् लय डाव नुसती हवा. एकदा माह्या बायकोनं, धानी तिचं नाव, दिग्रसच्या बजारातून मले शर्ट घेतला, म्या म्हंतलं कापूस बी म्याच नेला, शर्ट बी म्याच आणला, मंग मधात हा एवढा महाग काहून झाला? धानी म्हने, मधात तू झोपला होता. तिचं तोंड असंच हाय, लग्नापासून.

आता पोराचं सांगतो. सुनील, एकच हाय. यवतमाळले आयटीआय केला अन् पुण्याकडं गेला, चाकणले, मोटारीचे पार्ट बनवते त्या कारखान्यात. एक डाव तिकडं माल उतरवून मी त्याच्या खोलीवर गेलो. खोली कायची जी, आपला जिल्हा एका डब्यात भरून ठेवला होता. नेरचा एक, पुसदचे दोघं, झरी जामणीकडल्या जंगलातला एक कोलाम आदिवासी पोट्टा, अन् हा आमचा. गाद्या कमी, माणसं जास्त, म्हून एक कामावर गेला का दुसरा त्याच गादीवर. मी थकलेलो, पडलो एका गादीवर अन् लागला डोया. मंग झरीचा पोट्टा पाळी करून आला, मी पांघरूण घेतलेलं, त्याले वाटलं सुनीलच हाय, त्यानं मले अशी ढुशी मारली, ऊठ बे, माही पाळी. म्या म्हंतलं, लेका, मी सुनीलचा बाप हाव. तो म्हने, बाप असला तरी पाळी ते पाळीच, सरका काका. सारे हसले, मी बी हसलो. पण वापस येताना सारा रस्ता मले एकच गोष्ट टोचून राह्यली होती, का या पोराईची गादी कवा थंडच होत नाही. वावर आपल्याकडं मोकळं, आंगण मोकळं, अन् पोट्टे तठी एकमेकाच्या गरमीत झोपून राह्यले.

अन् मंग आली गिरणी. सुताची गिरणी, रोडच्या कडेले, कंपनी बाहेरची. मागास भागात कारखाना टाकला का सरकारची सवलत भेटते, जागेत भेटते, लाईटात भेटते, करात भेटते, म्हून आली. मशिनी पश्चिमेतून याच्या होत्या अन् आणाऱ्या गाड्याईत माही गाडी होती, सर्‍याईच्या पुढं. काय सांगू, मी गाडीले नवरदेवावानी सजवलं. तांड्यापाशी बाया आडव्या आल्या, गाणं म्हंतलं, नाचल्या, धानीनं ताडपत्रीतून बाहेर निघालेल्या लोखंडाले कुंकू लावलं. एवढ्या वर्सात पहिल्या डाव माही गाडी येताना भरून आलती. माह्या छातीत हवा भरली, टायरमधी जेवढी राहाते त्याच्याहून जास्त.

उद्घाटनाले एक मोठे साहेब आले, शिकलेले, बोलणं गोड. ते म्हने का देश एक असला का मागं राह्यलेला भाग जोरात पळते अन् पुढच्याले गाठते, याले प्रादेशिक समतोल म्हंतात, आता तुमचा जिल्हा गाठणार. लोकाईले काही समजलं नाही, सारे एकमेकाकडं पाहून राह्यले. अन् मले काय खाज आली देव जाणे, मी उभा राह्यलो अन् म्हंतलं, साहेब, हे तं माह्या आज्यानं सांगतलंय, पाण्यापाशी पुढचा बैल थांबते अन् मागचा पोचते. असा टाळ्याईचा कडकडाट झाला का इचारू नका. साहेबानं मले वर बोलावलं, सोताच्या गळ्यातला हार माह्या गळ्यात टाकला. त्या दिवसापासून तांड्यात माहं नाव समतोल पडलं. ओ समतोल, चहा पाजा. समतोलकाका, गाडी जरा बाजूले घ्या. मी बी तसाच, आवाज आला का मान फिरवो.

त्याच खुशीत म्या सुनीलले फोन लावला. म्हंतलं, ये वापस, पुणं आता अठीच येऊन राह्यलं. तो म्हने, बा, अठी मले लौकरच पक्कं करणार हाय, थोडं थांबतो. म्या म्हंतलं, पक्कं करून काय गादी पक्की भेटणार हाय? तो म्हने, बा, गिरणी टिकन न? अन् मी काय बोललो आयका, मी म्हंतलं, लेका, त्या मशिनी म्या सोता वाहून आणल्या, मले इचारून राह्यला? जसं का वाहणाऱ्याले मालाचं नशीब माहीत राहाते.

आला सुनील. रिंगफ्रेमवर लागला, म्हंजे ज्या मशिनीवर सूत कातल्या जाते अन् चात्या फिरत राहाते त्या मशिनीवर. लग्न झालं, कविता आली सून म्हून, नात झाली. सकाळी पोरगा डबा घेऊन सायकलवर जाये अन् दिवस मावळाच्या अगोदर आंगणात राहे, केसाले कापसाचा भुसभुशीत फुलोरा लागलेला, नात म्हने बाबा बुढा झाला. म्या उमरभर पाह्यलं नव्हतं असं सुख हो, का पोरगा संध्याकाळी घरी हाय. पावसाळ्यात दारापुढं बसून भुईमुगाच्या शेंगा फोडून राह्यला हाय, बायकोशी भांडून राह्यला हाय. श्रीमंत नाही झालो आमी, पण सारे एका घाटावर पाणी पेत होतो.

गिरणीचा म्यानेजर बाहेरचा होता, पण माणूस लोभ लावणारा. दसऱ्याले मशिनीची पूजा होये तवा घरचे लोक आत नेत, कवितानं सुनीलच्या मशिनीले झेंडूचा हार घातला, त्याच गिरणीच्या निळ्या सुतात ओवलेला, अन् म्यानेजर आमच्या घरी येऊन जेवून गेला. त्याची बोली शहरातली. मले म्हने, लालसिंगभाऊ, तुमची एक गोष्ट मला फार आवडते, तुम्ही कधी विचारत नाही की गाडीत काय आहे. म्या तं फुगलोच, आज्याची सारी गोष्ट त्याले सांगतली, राजे लोकाईसकट. त्यानं सारी मन लावून आयकली. आता समजते का एवढं मन लावून काहून आयकली.

दिवाळीची सुट्टी लागली. कामगाराईले मिठाईचा डबा देला, म्हंतलं भाऊबीज झाली का या. धनतेरसच्या दिवशी म्यानेजरचा फोन आला, का लालसिंगभाऊ, एक अर्जंट माल पोचवायचा आहे, बाकीचे ड्रायव्हर सणाचे येत नाहीत, तुम्ही घरचे. धानी म्हने, दिवाळीले कोणी घर सोडते का, नात पहिल्या डाव मेरा कराले जाणार हाय. आमच्यात अवसेच्या संध्याकाळी पोरी हातात दिवा घेऊन घरोघर जाते, मोठ्या माणसाईले ओवाळते, त्याले मेरा म्हंतात. म्या म्हंतलं, गिरणी चालली तं दिवाळी हाय न बाप्पा, जाऊन येतो.

मागच्या दरवाज्यानं गाडी लावाले लावली. मी पोचलो तं माल भरून, ताडपत्री टाकून, दोर आवळून तयार. बिल्टी, म्हंजे मालाचा कागद, बंद पाकिटात, ते पाकीट मी चेकपोस्टवर पुढं करतो, उघडून पाहात नाही, पाहणं म्हंजे इचारणंच झालं. एक दोर ढिला होता, तो म्या सोता पाय देऊन आवळला, ध्यानात ठेवा, म्या सोता. गाडी निघाली, अन् दारव्हा पार व्हायच्या अगोदर स्टेरिंग मले काहीतरी सांगाले लागली. सूत गाडीवर बसते, लोखंड गाडीत बसते, वळणावर दोघाईचं अंग येगळं राहाते. अशी चाल मले ओळखीची होती. पण मी काय केलं, रेडिओ मोठा केला. आज्याचा आवाज रेडिओहून मोठा होता, इचारू नये, इचारू नये.

माल उतरवाचं गाव पश्चिमेकडलं, नाव घेत नाही, त्या गावाचा काही दोष नाही. तठी कारखान्याले कारखाना लागून, दिवाळीच्या लाईटा अशा का डोळे मिटले तरी दिसे. हमाल आले, ताडपत्री ओढली, अन् म्या पाह्यलं का लोखंडाच्या एका बाजूले झेंडूचा हार लटकून राह्यला हाय, सुकून गेलेला, निळ्या सुतातला. जुन्या कुंकवाचा बोटभर डाग बी होता. म्या हार हातात घेतला. हमालाईतला एक म्होरक्या होता, केस पिकलेला, तो म्हने, काका, कोण्या गावचे? बोलीवरूनच समजलं. म्या म्हंतलं दिग्रसचा, तुमी? तो म्हने, मी नेरचा. म्या म्हंतलं, अठी नवीन मशिनी येऊन राह्यल्या काय? तो म्हने, नवीन कायच्या जी, तुमच्याकडल्याच, तिकडची सवलत सरली म्हने, परवापासून बाहेरच्या गाड्या घेऊन येऊन राह्यल्या, ही शेवटची. अन् मंग म्हने, साहेब लोक म्हंते तिकडं काम कराले माणूस भेटत नाही. असं बोलून त्यानं मशिनीले खांदा लावला, अन् त्याच्या मागं जे खांदे लागले ते सारे आपल्याकडचे, कोणी नेरचा, कोणी दारव्ह्याचा. मी कडेले उभा होतो हार घेऊन, उद्घाटनाले उभा होतो तसाच.

म्यानेजरचा फोन बंद. आजपर्यंत बंद हाय. मले राग कायचा येते सांगू, त्यानं गिरणी नेली याचा येतेच, पण त्यानं आपल्याकडल्या साऱ्या गाडीवाल्याईतून मलेच काहून निवडलं त्याचा जास्त येते. चोरीच्या मालाले इमानदार माणूसच लागते हो, चोर तं ताडपत्री उचलून पाहून घेईन. माह्या आज्याच्या आज्यानं राजासाठी जे इमान जपलं, ते त्यानं दसऱ्याच्या जेवणावर नेलं, भाताची दुसरी वाढ घेऊन.

वापस आलो भाऊबीजेले. आंगणात नात पळत आली, दिवा घेऊन, म्हने आजा, तुमचा मेरा राह्यला. तिनं मले ओवाळलं. सुनील दारात बसून सायकलची चेन पुसून राह्यला होता, दुसऱ्या दिवशी कामावर जाचं म्हून. नवीन शर्ट घातला होता त्यानं. मी खिशातून हार काढला अन् कविताच्या हातात देला. तिनं पाह्यला, सुताची गाठ तिचीच होती. ती आत गेली. सुनीलनं चेन पुसणं थांबवलं नाही, खालीच पाहून म्हने, बा, कोण नेल्या? म्या म्हंतलं, लय गाड्या होत्या. तो म्हने, माही कोण नेली? म्या म्हंतलं, म्या. तो म्हने, इचारलं नाही? म्या म्हंतलं, नाही. मंग त्यानं फडकं खाली ठेवलं अन् सायकल भिंतीले लावून देली.

लोकं गेले गेटवर, बसले, घोषणा देल्या, साहेब आले, पाहू म्हंतलं, पाहून राह्यले. तांड्यात आता मले समतोल म्हने तं लहान पोट्टं बी हसे. एका दिवशी जेवता जेवता म्या धानीले म्हंतलं, आज्यानं बैलाची गोष्ट खोटीच सांगतली म्हंजे. धानी म्हने, खोटी नाही, तू अर्धी सांगतली. ती बी तांड्याचीच पोरगी, तिच्या आज्यानं तिले पूरी सांगतलेली. म्हने, पुढचा बैल आपून होऊन कवा थांबला? त्याले तहान असली का तो सारं पाणी ढवळून पुढं निघते, मागच्याले चिखल राहाते. नायक, म्हंजे तांड्याचा मुखिया, पुढं जाऊन त्याची दोरी धरून उभा राहे, मागचा शेवटचा लंगडा पोचेपर्यंत सोडत नव्हता, तवा सारे एका घाटावर पेत. तू टाळ्याईच्या घाईत नायकाले खाऊन टाकलं. म्या म्हंतलं, मंग आता नायक कोठं हाय? धानी म्हने, पुढच्या बैलावर बसून हाय, आणखी काय.

साहेबाईच्या समोर एवढी मोठी सभा, अन् मी अर्धी गोष्ट सांगून हार घालून उतरलो. म्हून म्हंतलं न तुमाले, सारी फजिती त्या बैलाची.

सुनील गेला चाकणले. म्याच नेला, गठानी भरल्या होत्या, त्याच गाडीत. तठी आता ठेकेदाराच्या हाताखाली हाय, ज्या पोट्ट्याईले त्यानं काम शिकवलं होतं ते पक्के झाले, हा त्याईच्या खाली नवा. झरीचा पोट्टा तठीच हाय अजून, तो म्हने, ये दादा, तुही गादी गरम ठेवली हाय. जाताना तो कॅबिनमधी माह्या बाजूले बसला होता. चेकपोस्टवर एका साहेबानं हात देला, म्हने, काय माल आहे? उमरभर मी पाकीट पुढं करत आलो, तोंड उघडलं नाही कवा. त्या दिवशी म्हंतलं, साहेब, कापूस हाय अन् पोरगा हाय. साहेब म्हने, पोरगा माल थोडाच आहे. म्या म्हंतलं, आमच्याकडून हेच दोन जाते साहेब, लिहून घ्या. सुनील म्हने, बा, चाल आता, मागच्या गाड्या खोळंबल्या.

आता काय, गिरणीच्या शेडात जमिनीतून बोल्टाचे टोकं निघून हाय, बकऱ्या त्याले अंग खाजवते. कविता अन् नात आमच्यापाशीच हाय, एका गादीत तिघं कसे मावणार. सुनीलचा फोन येते, नातीसंगं बोलते, मले बी बोलते, बा तब्येत कशी, टायर बदलले का, सारं इचारते. पण टिकन न बा, असं काही इचारत नाही, कायचंच नाही. ते एक इचारणं त्यानं बंद केलं. अन् मी उलटा झालो, ज्यानं माल सांगतला त्याले इचारतो, काय हाय, कोठून हाय, वापस येणार हाय का, दोर सोडून दाखवा. मालधनी म्हंते हा बुढा लय इचारते, याले देऊ नका. म्हून गाडी आजकाल आंगणातच जास्त राहाते, तुमी बसले ना त्या बाजेवर तिची सावली पडते, तेवढा फायदा हाय.

घ्या, चहा थंडा करू नका. कवितानं पिशवीत काही बांधून देलं तुमाले, शेंगा असन, आपल्या वावरातल्या. पण माह्या बोलण्यावर जाऊ नका, गाठ सोडून अगोदर पाहून घ्या, मंगच यष्टीत बसा. देव तुमाले सुखी ठेवो, जाताना भरून जा अन् येताना बी भरून या.